वयाची घासाघीस

पहाटे पुण्याहून एसटीत बसलो तो भांडायच्या तयारीनंच. आरोग्य सर्वेक्षणात म्हणे आमच्या पाचोडकडची गावं 'वेळेआधी म्हातारी' ठरली होती. एका लग्नात व्याह्यांनी भर पंगतीत विचारलं, "तुमच्याकडं चाळिशीतच काठी देतात का हो?" ती जिलेबी अजून घशात आहे. रिकाम्या हातानं गाव सोडून मी पुण्यात ताडपत्रीचं दुकान उभं केलं. यादीतून गावाचं नाव काढूनच परतायचं ठरवलं.

वाळूजला उतरलो. धाकटा भाऊ भगवान रात्रपाळी करून कारखान्याच्या फाटकापाशी उभा होता. त्याला साक्षीला घेतलं.

"दादा, तिथं आवाज चढवू नको."

"मी कधी चढवतो?" मी ओरडलो. चहावाला दचकला.

पुढं रिक्षा. भाडं निम्म्यावर आणलं, तर रिक्षावाला म्हणाला, "चचा, इत्ते में तो पेट्रोल बी नै आता." वाटेत रिक्षा दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा आम्हीच ढकलली. शहरात नान खलिया (भट्टीतला जाड नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाल्ल्यावर राग थोडा निवला.

सर्वेक्षणाच्या कार्यालयात तिशीतल्या डॉक्टर मॅडम होत्या. "बसा काका," म्हणाल्या. काका! राग परत आला.

त्यांनी शांतपणे समजावलं. "समजा, बाहेर साठीच्या लोकांत मधुमेहाचे, लकव्याचे जेवढे नवे रुग्ण सापडतात, तेवढे इथं पन्नाशीतच सापडले, तर इथली पन्नाशी म्हणजे साठीच. अशा गावांत तपासणी चाळिशीपासूनच सुरू करायची."

मी याचीच वाट बघत होतो. "मॅडम, वयंच खोटी आहेत! आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून. मास्तरांनी अंदाजानं लावलेला. माणसं खरी थोराड असणार, आजार वेळेवरच येतायत. काढा नाव!"

मॅडम विचारात पडल्या. बाजी मारली, असं वाटलं.

तेवढ्यात भगवान पुटपुटला, "दादा, मास्तरांनी वय वाढवून लावलं व्हतं. तुझ्यामागं शाळेत यायला मी रडायचो ना, म्हणून. कागदावर अडतीस हाय, खरा छत्तीसचा. लई पोरांचं तसंच."

"मग तर आजार आणखीच लवकर येतायत," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्हाला काही त्रास?"

"बीपीची गोळी चालू हाय. साखर पण निघाली." माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तू चिडशील म्हणून बोललो नाय."

मी चिडलो नाही. खुर्ची पुढं ओढली.

"चाळीस जास्त होतात, मॅडम. तीस करा."

"काका, हा काय भाजीबाजार आहे?"

"बरं, पस्तीस. एवढ्यावर तोडा."

त्या हसल्या. वरिष्ठांपुढं पस्तीसच मांडते, म्हणाल्या.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो. वाळूजला कारखान्यांच्या बस आडव्या आल्या. खिडक्यांत पाळीला निघालेली भगवानच्या वयाची माणसं पेंगत होती. व्याही पुन्हा विचारतील, तेव्हा सांगेन : हो, आमच्याकडं म्हातारपण लवकर येतं. गावाचं नाव यादीत राहू दे. फक्त पस्तीसचे चाळीस कुणी केले, तर मी पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा भगवाननं कितीही सांगितलं तरी आवाज चढवणार आहे.