बंदराच्या भिंतीचा जांभळा रंग

मी संशयी आहे, हे आमच्या घरात कुणी मला सांगायची गरज नाही. दुधावरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचते. त्यामुळे २००४च्या जूनमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आमच्याकडे, पिस्कॅटवेला आले आणि पंधरा दिवसांत त्यांनी शेजारच्या स्पॅनिश चित्रकाराच्या गॅरेजमध्ये मुक्काम ठोकला, तेव्हा माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

हा म्हातारा तरुणपणी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून आलेला. आयुष्यभर त्याने इथल्या लोकांची घरं रंगवली आणि उरलेल्या वेळात एकच चित्र पुन्हा पुन्हा काढलं: गावचं बंदर, पाच-सहा होड्या आणि मागे घरांच्या भिंती. बायको वारलेली, मुलगी दुसऱ्या राज्यात. बाबा सोलापूरच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. सुताची छटा नमुन्याशी जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. दोघांचंही इंग्रजी यथातथाच. मग रोज चार-चार तास दोघं बोलतात तरी काय?

सरळ विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी बाबांची नखं बघायला लागले.

जेवायला बसले की नखांच्या कडेला रंग दिसायचा, कधी निळा, कधी हळदीसारखा. शर्टाला टर्पेंटाइनचा वास. मी नवऱ्याला म्हटलं, तो म्हातारा बाबांना फुकट राबवून घेतोय. "त्यांचा टाइमपास होतोय यार, तू कशाला टेन्शन घेतेस?" तो म्हणाला. मी टेन्शन घेतलंच. ऑफिसला जाताना त्या गॅरेजसमोर गाडी हळू करायला लागले. एकदा बाबा मान खाली घालून रंग कालवताना दिसले. माझी गाडी ओळखून त्यांनी घाईने दार खाली ओढलं.

ऑक्टोबरमध्ये लायब्ररीत म्हाताऱ्याचं प्रदर्शन लागलं. नव्या चित्रांत बंदर तेच होतं, पण एका भिंतीला आईच्या इरकलीचा जांभळा रंग होता. तो मी कुठेही ओळखीन. खाली सही मात्र म्हाताऱ्याची. माझं डोकंच फिरलं. त्याची मुलगी मुद्दाम आली होती, त्याच्या शेजारी उभी होती. तिच्यादेखत मी विचारलं, "ही चित्रं माझ्या वडिलांनी काढली आहेत ना?"

बाबा लगबगीने आले. घरी चल, म्हणाले. मी हलले नाही.

म्हाताऱ्याने मुलीकडे म्हणून तोंड वळवलं, पण त्याची नजर ती उभी होती त्याच्या थोडी बाजूलाच गेली. "काढली मीच," तो म्हणाला. "बंदर मला पाठ आहे. पण गेलं वर्षभर मला रंग कळत नाहीत. चेहरेही नाहीत. रंग हा कालवून देतो."

मुलीने त्याचा कोट उचलला आणि त्याचा दंड धरला.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. नजर शाबूत आहे तोवरच त्याने एकट्याने राहायचं, असं मुलीने बजावलं होतं. म्हणून दोघांनी ते झाकून ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये घरासमोर विक्रीची पाटी लागली आणि मुलगी त्याला ती राहते तिथल्या वृद्धाश्रमात घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी मी माफी मागायला गेले. तो माझ्या खांद्यापलीकडे बघत हसला आणि बाबा आलेत का, एवढंच त्याने विचारलं. मला तेव्हा लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

उरलेले दिवस बाबांनी टीव्हीसमोर काढले. परतायच्या आदल्या आठवड्यात जेवायला बसल्यावर त्यांनी दोन्ही हात ताटावरून माझ्यापुढे धरले.

"चार महिने नखं बघत होतीस," ते म्हणाले. "एकदा विचारलं असतंस, तर सांगितलं असतं. आता बघ. स्वच्छ आहेत."