पाच चौकोनी सेल आणि अंबूमावशीचा पाळणा

मेलेले सेल माझ्याच्यानं फेकवत नाहीत. डबा भरलाय. किस्स्यांचंही तेच. दुष्काळातल्या त्या रेकॉर्डिंगचे एवढे साठलेत, की एक काढायला जावं तर चार हाताला लागतात. अजून आठवले की मी हबकते.

*

नळदुर्गात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं रेडिओ उघडून शिकले. औरंगाबादचे एक सर जुनी गाणी टेप करत फिरायचे. त्यांचा माईक परदेशी, पण मुका. शहरातल्या दोन मेकॅनिकांनी तो मेला म्हणून सांगितलं होतं.

मी म्हणलं, "मेला न्हाय, उपाशी हाय."

त्याला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागायचे, तेही आवाजाच्याच वायरीतून. नऊ-नऊ व्होल्टचे पाच चौकोनी सेल अन् दीड-दीडचे दोन पेन्सिल सेल एकापुढं एक जोडले, पावडरच्या डब्यात बसवले. माईक बोलला! सर बघतच राहिले. कुठं शिकलात, म्हणे.

"पहिला रेडिओ जाळला, तेव्हा."

*

तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. सर हेडफोन लावून भजनी मंडळाचा आवाज तपासत होते. पाहुण्यांचा मान म्हणून कुणीतरी माईकशेजारी सुतळी बॉम्ब लावला. सर बसल्या जागी हातभर उडाले, कानाला दडे बसले, दिवसभर आम्ही खुणांनी बोललो.

लावणारा काळजीनं विचारतो, "बारका वाटला का, सर? मोठा बी हाय."

*

माईकचे कान किती तिखट? नळदुर्गातल्या एका घरी ओव्या टेप केल्या अन् लगेच सगळ्यांना ऐकवल्या. ओवीच्या मधोमध, आतल्या चुलीपाशी सासू सुनेला कुजबुजत होती, "पाव्हण्यांच्या च्यात साखर टाकू नगंस, गुळाचा खडा टाक." आमच्या हातात तोच चहा! सासू पदर तोंडाला लावून जी आत गेली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

*

सरांना खरी हवी होती अंबूमावशी. माझ्या आईची सख्खी बहीण, बेंबळीची सुईण. गावात पोर जन्मलं की पाळणा तिच्याच गळ्यातून. आम्ही बौद्ध, तरी बाळंतपणाला सगळ्या आळ्यांतून तिलाच बोलावणं. दुष्काळी कामावर खडी फोडून धूळ घशात बसली होती. आवाज रोज थोडा जात होता. आता नाही तर कधीच नाही.

आदल्या दिवशी सेल तिच्याकडं ठेवले. टॉर्चचे सेल उन्हात ठेवले की तरतरी येते, हे सगळ्यांना ठाऊक. मावशीनं मायेनं माझे सेल दिवसभर तापल्या पत्र्यावर ठेवले. संध्याकाळी सगळे पाझरलेले!

"थकल्यावानी दिसले ग," ती म्हणाली, "म्हून ऊन दिलं."

नवे सेल तालुक्यातही नव्हते. डब्यातले जुने चाचपून कसेबसे सात जमवले. एक पाळणा निघाला तर निघाला.

*

जागा सोसायटीचं गोदाम. दुष्काळानं रिकामं, भिंती जाड, बाहेरचा आवाज आत येत नव्हता. चेअरमननी हौसेनं किल्ली दिली. त्यांना रेडिओची दुरुस्ती माझ्याच हातची चालायची. माईक आत, टेप अन् आम्ही ओसरीवर. माईक तपासता तपासता मी मावशीला हेडफोनची गंमत दाखवत होते. एक कान तिचा, एक माझा.

हेडफोनमध्ये ऐकू आलं, आत चेअरमन शिपायाला हळूच सांगत होते, "बाई गाऊन गेली की ती चटई अन् माईक धुवून घे."

माझ्या अंगाचा भडका उडाला, उठलेच. मावशीनं हात दाबून खाली बसवलं.

"सेल किती येळ टिकत्याल?"

"एक पाळणा. त्याच्या वर एक शब्द न्हाय."

चेअरमन हसत बाहेर आले. मावशीनं हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला अन् आत जाऊन चटईवर बसली. मी टेप चालू केला.

ते रीळ माझ्याकडं आहे. पाळण्याची शेवटची ओळ त्यात नाही, तिथं सेल संपले. सुरुवातीला मात्र मावशी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा बोलते:

"चेअरमन, जन्मल्यावर तुमाला पयल्यांदा धुतलं ते म्या. माईक बी म्याच धुवून देते."