देवीच्या पायाशी ठेवलेली लाल वही

आमच्याकडे कलकत्त्यात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक कागदावरचं, दुसरं घरात हाक मारायचं. मी अडुसष्ट वर्षांचा झालो, पोस्टातून निवृत्त झालो, पण आळीत अजून पोल्टूच आहे. लहान मुलं मागे दादू, म्हणजे आजोबा, लावतात, एवढीच काय ती बढती. टुकूचं कागदावरचं नाव उषसी भद्र, हे आळीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि दोन नावांच्या याच सवयीवर त्या पोरीनं एक शाळा उभी केली होती. ती मोडली कशी, हे मला माहीत आहे. म्हणून मीच सांगतो.

तिचे वडील साडीच्या दुकानात नोकरीला होते. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. त्यांनी पोटाला चिमटा काढून पोरीला शिकवलं, तिला बँकेत नोकरी लागली, आणि सव्विसाव्या वर्षी पोरगी नोकरी सोडून घरी आली. तिची आई आठ दिवस कुणाशी बोलली नाही. टुकू मात्र क्लबात जाऊन बादलसमोर बसली. बादल आमच्या आळीच्या क्लबाचा सेक्रेटरी, तोंडाचा फटकळ. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एक मोडका कॅरम आणि पूजेच्या मांडवाचे बांबू पडलेले असायचे. तो हॉल तिनं मागितला. बादलनं तासभर कुरकुर केली आणि किल्ली दिली.

तिची योजना ऐकायला सोपी होती. नव्या फ्लॅटांतली मुलं फी भरून शिकतील आणि त्यावर कालव्याकाठच्या झोपड्यांतली मुलं फुकट शिकतील. असं पुष्कळजण बोलतात. टुकूचं डोकं एक पाऊल पुढे चाललं. ती म्हणाली, वर्ग एकच, बाकही एकच. दारात सगळ्यांनी चपला काढायच्या, खुंटीवरचा निळा झगा अंगात घालायचा, आणि आत फक्त घरचं नाव चालेल. आडनाव सांगितलं की आमच्याकडे जात कळते, पत्ता सांगितला की बापाचा पगार कळतो. तिच्या हजेरीत नुसते बुबला, घोटन, टेपी, पुचकू. कागदावरची नावं, पत्ते, आईबापांची कामं हे सगळं एका लाल वहीत, आणि ती वही कुलपात.

गरीब मुलंही शिकतात हे फ्लॅटवाल्यांना माहीत होतं. त्याचं त्यांना कौतुकही होतं. ती मुलं वेगळ्या वेळेला येत असतील असं त्यांनी धरून चाललं होतं, आणि टुकूनं तो समज काढला नव्हता. मुलांना कळलं नसेल असं मी म्हणत नाही. मुलांना सगळं कळतं, त्यांना त्याचं काही पडलेलं नसतं.

मी दर शनिवारी तिथे शुद्धलेखन घालायला जायचो. एकदा तिला विचारलं, हे बिंग फुटलं तर काय करशील? ती मला जेठू म्हणायची, म्हणजे थोरले काका.

"फुटायची वाट कशाला बघायची, जेठू? मीच सांगणार आहे," ती म्हणाली. "बैशाखात दोन वर्षं होतील. सगळ्या आईबापांना बोलावणार, मुलांना एकेक करून वाचायला उभं करणार. सगळ्यांचं वाचून झालं की नावं सांगणार. एकदा कानांनी ऐकल्यावर कोण कुणाला बाकावरून उठवेल?"

मला वाटलं, पोरगी वेडी आहे आणि तिचं बरोबर आहे. बैशाखाला तेव्हा अडीच महिने राहिले होते.

माझा नातू बुबला पहिल्या बाकावर, त्याच्या शेजारी घोटन. घोटन म्हणजे काळा, किडकिडीत, शब्द सांगून संपायच्या आत लिहून मोकळा होणारा. दर शनिवारी घोटनची चूक शून्य आणि बुबलाच्या तीन किंवा चार. मी वही तपासायचो, शाबास म्हणायचो आणि घरी येऊन बुबलाला झापायचो. हा कुणाचा कोण, हा किडा माझ्या डोक्यात महिनोन्‌महिने वळवळत होता. कुणा प्रोफेसराचा असेल, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणायचो.

मग सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी अक्षर लिहिलेलं जे जे घरात असेल ते देवीच्या पायाशी जातं, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत पुस्तक कुणी उघडत नाही. परीक्षा उद्यावर आलेला मुलगाही नाही. मुलांना वर्षात हा एकच दिवस अभ्यास न करायचं पुण्य लागतं. टुकूनं मुलांच्या वह्या मांडल्या, पाट्या मांडल्या आणि शेवटी कुलूप उघडून ती लाल वही आणून सगळ्यांच्या वर ठेवली. मी म्हटलं, ही कशाला? ती हसली. म्हणाली, यंदा हिलाच आशीर्वादाची जास्त गरज आहे, आणि आज हिला हात कोण लावणार?

भटजींचा पत्ता नव्हता. त्या दिवशी गावभर पूजा असतात आणि भटजी मोजके, त्यामुळे नाक्यावर उभं राहून सायकलवरून जाणारा भटजी अक्षरशः पकडून आणावा लागतो. टुकू, बादल आणि सगळी पोरं भटजी पकडायला गेली. देवीपाशी राखणीला मला बसवलं. देवीला फुलांची अंजली वाहीपर्यंत सगळे उपाशी असतात. मला साखरेचा आजार, मला उपास चालत नाही, म्हणून सुनेनं डबा दिला होता, लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याचा आलूदम. हॉलमध्ये मी एकटा. खाता खाता नजर त्या लाल वहीवर जात होती.

मी उघडली. हात पुसला होता, असं मला वाटत होतं. घोटनचं पान सापडायला वेळ लागला नाही. धृतिमान मंडल, कालव्याकाठी तिसरी गल्ली, आई शेफाली, घरकाम. खाली कामाच्या चार घरांचे पत्ते. त्यातला दुसरा पत्ता माझा होता.

म्हणजे आमची भांडी घासणाऱ्या शेफालीचा मुलगा. मला राग आला नाही, हे शपथेवर सांगतो. मला मोठी गंमत वाटली. आणि ती गंमत माझ्या पोटात संध्याकाळपर्यंतही राहिली नाही. दुपारी जेवताना मी सुनेला, काकोलीला, म्हटलं, तुझ्या लेकाला शुद्धलेखनात हरवणारा कोण आहे माहीत आहे का?

ऐकून ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"आपली शेफाली?" ती म्हणाली. "तरीच. परवा बुबला घरात म्हणत होता, शेफालीमावशीला चहा वेगळ्या कपात का देतो आपण, आपल्या कपात का नाही. हे कुठून शिकला ते आज कळलं."

रात्र व्हायच्या आत सगळ्या आयांच्या मोबाइलवर ते पोचलं होतं. कुणाकडून कळलं, ते मात्र काकोलीनं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अकरा बायका क्लबात येऊन बसल्या. गरिबांना शिकवायला त्यांची हरकत नव्हती, एकीनं तर खाऊसाठी वर्गणी द्यायची तयारी दाखवली. फक्त वेळा वेगळ्या करा, म्हणत होत्या. शेफालीनं त्याआधीच घोटनचा झगा धुऊन, घडी घालून टुकूला परत दिला होता. चार घरं हातची गेली तर खायचं काय, एवढंच ती म्हणाली.

वही उघडली कुणी, याची आळीत चर्चा झालीच. हॉलची दुसरी किल्ली बादलकडे, तोंड फटकळ, सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं. पानाच्या टपरीवर लोक त्याच्यासमोर बोलायचे थांबायला लागले. चाळीस वर्षं तो माझा कॅरमचा जोडीदार, आणि मी पण तिथे मान खाली घालून पान चघळत होतो. टुकू एकटीच सगळ्यांना ठासून सांगत होती की बादलदांनी वहीला हात लावलेला नाही. मला वाटायचं, किती भोळी आहे.

क्लबाची सभा भरली. कमिटीत आम्ही सात जण. वेळा वेगळ्या करा नाहीतर हॉल सोडा, असा ठराव. टुकूनं फक्त बैशाखापर्यंतची मुदत मागितली, दोन महिने, त्यानंतर तुम्ही म्हणाल ते. मतं घेतली तेव्हा तीन हात ठरावाच्या बाजूनं वर गेले. विरोधात तीन, त्यात पहिला बादलचा. सगळं गाव ज्याच्यावर थुंकत होतं तो बादल. राहिलो मी.

मागच्या खुर्च्यांवर काकोली बसली होती. तिची नजर मला पाठीवर जाणवत होती. समोर टुकू होती आणि ती माझ्याकडे इतक्या शांतपणे बघत होती, की हिला माझी खात्री आहे असं मला वाटलं. मी हात वर केला. ठराव पास झाला.

वेळा वेगळ्या करायला ती तयार झाली नाही. दुसऱ्या दिवशी सामान बांधायला मी मदतीला गेलो. गेलो कशाला, ते अजून मला सांगता येत नाही. खुंट्यांवरचे झगे उतरवून झाल्यावर तिनं लाल वही काढली आणि घोटनचं पान माझ्यापुढे उघडून धरलं. नावाच्या बाजूला अंगठ्याएवढा पिवळा डाग होता, तेलकट, कडा कागदात पसरलेल्या.

"हळद आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे उपाशी होतो, जेठू. बादलदासुद्धा."

मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, पूजा उठल्यावर वही उचलली तेव्हाच.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. घरी येऊन सांगाल असं आधी वाटलं. मग वाटलं, बादलदांचं नाव घेतात हे बघून तरी सांगाल. मग सभेत." तिनं वही मिटली. "वही उघडलीत त्याचं मला एवढं नाही. माणसाला मोह होतो. पण तुम्ही हात वर केलात."

उष्ट्या हातानं देवीचं पुस्तक उघडणारा मी, आणि भोळी मी तिला म्हणत होतो. बादलला मी सगळं खरं सांगितलं, पण तेही दोन महिन्यांनी. त्यानं कॅरमची सोंगटी खिशात टाकली आणि उठून गेला. अजून तो माझ्याशी खेळत नाही.

टुकू आता कालव्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत शिकवते. फ्लॅटातलं एकही मूल तिथे जात नाही, म्हणून सकाळी ती दुकानांत काम करणाऱ्या पोरींना फी घेऊन इंग्रजी शिकवते आणि त्यावर खोली चालवते. घोटन तिकडेही जात नाही, शेफाली पाठवत नाही. सुटीच्या दिवशी आईबरोबर तो आमच्याकडे येतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसतो. शेफाली आता त्याच्यासमोर माझ्या नातवाला मालकाला म्हणतात तसं बाबू म्हणते. बुबलाला शब्द अडला की तो अजून त्यालाच विचारतो. घोटन जमिनीकडे बघत उत्तर देतो आणि ते बरोबर असतं.

यंदाच्या सरस्वतीपूजेला मी कालवा ओलांडून गेलो. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून गेलो होतो. टुकूनं मला बसायला स्टूल दिलं, साखरेचं कसं आहे विचारलं, एका मुलीला माझ्यासाठी मुरमुरे आणायला सांगितलं. सगळं अगदी रीतसर. जुळवलेली वाक्यं बाजूला राहिली आणि मी मुरमुरे खात बसलो.

भटजी वेळेवर मिळाले होते. मुलांनी पाट्या आणि वह्या देवीच्या पायाशी रचल्या. टेपीनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, दीदी, आपली लाल वही ठेवायची राहिली.

"राहू दे ती," टुकू म्हणाली.

तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती, तिच्यातून वहीची लाल कड दिसत होती. भटजींनी मंत्र सुरू केला, सगळ्यांनी फुलं घेऊन हात जोडले. अंजली वाहायला वाकतानाही तिनं ती पिशवी खांद्यावरून काढली नाही.