वसंताचा सहा चाव्यांचा ड्रम

संगीता कधी साधा फोन करत नाही, तिला ऐकू येत नाही. तिचा व्हिडिओ कॉल येतो, आणि मग आम्ही हातवारे करून बोलतो. त्या सकाळी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, तेवढ्यात फोनच्या काचेवर तिचा चेहरा आला. मागे आर्वीच्या तिच्या माहेरची निळी भिंत होती. तिने दोन्ही हात वर करून हवेत ड्रम वाजवल्यासारखं केलं. त्यांच्या घरात ‘बाबा’ म्हणायची हीच खूण. मग तिचे हात हवेतच थांबले... आणि हळूहळू खाली गेले. मला कळलं. दुकानात उभ्या असलेल्या बाईंनी ‘काय झालं हो भाऊ?’ विचारलं. ‘वसंता गेला,’ मी म्हणालो आणि दुकान बंद करायला घेतलं.

वसंता एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि आमच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. मी अकॉर्डियनवर असे. लग्नं, गणपती, गॅदरिंग, जिथून बोलावणं येईल तिथे आम्ही जायचो. सेलूपासून वडनेरपर्यंत आमची सगळी गावं फिरून झाली होती. त्याचा साईड ड्रम लाकडी होता. नागपुरात जुन्या वाद्यांच्या एका दुकानात, मोडक्या पेट्यांच्या ढिगाखाली त्याला तो सापडला होता. वर पांढऱ्या रंगाचे थर चढले होते. ते त्याने डेपोतल्या रॉकेलने आणि पॉलिश पेपरने आठवडाभर घासून काढले, तेव्हा खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. कडं ताणायला त्याला सहाच चाव्या होत्या. नव्या ड्रमना आठ, दहा असतात, म्हणून ते कडक ताणता येतात आणि पत्र्याच्या डब्यासारखे टणटण वाजतात. हा तसा ताणताच येत नसे. काडी पडली की आधी ‘ठप्’ असा जाड, कोरडा आवाज यायचा, मागून खालच्या बाजूला ताणलेल्या तारांची बारीकशी सळसळ, आणि मग लाकूड आतल्या आत थोडा वेळ घुमत राहायचं. गाणाऱ्या बाईचा आवाज कितीही बारीक असो, हा ड्रम कधी त्याच्या अंगावर गेला नाही. वसंता म्हणायचा, ‘हा वरडत नाई रे, हुंकार देते.’

मुलगी झाली तेव्हा आम्हीच हट्टाने तिचं नाव संगीता ठेवायला लावलं. पुढे ती हाकेला वळेना, भांडं पडलं तरी दचकेना. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जन्मापासूनच ऐकू येत नाही. नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणालं, निदान नाव तरी बदला, लोक हसतील. वसंता शांतपणे म्हणाला, ‘नाव काऊन बदलू? आइकू येत नाई, पण नाव तं तिचंच हाय.’ एवढं बोलला खरा, पण त्यानंतर तो तालमीला यायचा बंद झाला. ड्रम पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. डेपोत भेटायला गेलो तर गाडीखालून बाहेरच यायचा नाही. एकदा तिथूनच म्हणाला, ‘घरात वाजवलं की तिच्या तोंडाकडं पाह्यवत नाई, मनोहर. ती माह्या हाताकडं पाहून राह्यते... नुसती पाहून राह्यते.’

बऱ्याच महिन्यांनी आम्ही त्याला जवळजवळ ओढून आणलं. माझ्या दुकानामागच्या खोलीत तालीम होती. त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, ताप होता, म्हणून तीन वर्षांची संगीता त्याच्या कडेवर होती. वाजवायला लागल्यावर त्याने तिला शेजारी खाली बसवलं. ती रांगत स्टँडच्या पायांत शिरली आणि लाकडाला गाल लावून बसली. गाणं संपलं, त्याने काड्या थांबवल्या, तर पोरीने त्याच्या गुडघ्यावर चापटी मारली. आम्हाला काही कळलं नाही. त्याने सहज दोन ठोके दिले. ती हसली. थांबला, पुन्हा चापटी. वाजवलं, पुन्हा हसू. वसंताने आमच्याकडे पाहिलं. ‘तिले समजून राह्यलं बे,’ तो म्हणाला, ‘तिले समजून राह्यलं!’ आणि तो वाजवत सुटला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात थांबवेना; थांबला की पोरगी मारायची.

पुढे ऑर्केस्ट्रासाठी आम्ही चकचकीत स्टीलचा ड्रम आणला, तेव्हा त्याने घरी नेऊन आधी तिच्यापुढे वाजवून पाहिला. तिने तळवा लावला आणि लगेच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो ड्रम परत आला. ‘तुमच्यासाठी चांगला असन,’ तो म्हणाला, ‘मले माहा जुनाच पुरते.’ त्याच जुन्या ड्रमवर त्याने तिला बोलायला शिकवलं. आ-ई, दोन ठोके. सं-गी-ता, तीन. ती एक हात लाकडावर आणि एक हात त्याच्या गळ्यावर ठेवून बसे. ठोका पडला की आवाज काढायचा. डेपोतून आल्यावर चहाही न घेता तो बसायचा. वर्ध्याला तिची शाळा सुरू झाली, तेव्हा तिला आपलं नाव सांगता येत होतं. थोडं बोबडं, पण तीन ठोक्यांत स्वच्छ.

तिचं लग्न सेलूला झालं. जावयालाही ऐकू येत नाही. वरातीत डीजे एवढा दणाणत होता की बाकीच्यांनी कान धरले होते. मांडवात मात्र वसंताने तो बंद करायला लावला, ड्रम मध्ये ठेवला, एका बाजूला लेकीचा तळवा, दुसऱ्या बाजूला जावयाचा. वाजवताना तो कुणाकडे बघत नव्हता. ती दोघं एकमेकांकडे बघून एकाच ठेक्यावर मान डोलवत होती. तेवढा आनंदी वसंता मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

गेल्या वर्षी त्याचा डावा हात लकव्याने गेला. भेटायला जायचो तेव्हा तो हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत असे, एखाद्याचं झोपलेलं मूल ठेवावं तसा. शेवटचं भेटलो त्या दिवशी त्याने ड्रम काढायला लावला. म्हणाला, ‘चाव्या सैल करून ठेव. ताणून ठेवला तं लाकूड वाकते.’ मी एकेक चावी फिरवत होतो, तो बघत होता. मग म्हणाला, ‘पोरगी माहेरी आली का मले वाजव म्हणते. एका हातानं काय वाजवू? तू येत जाजो. तिच्यासाठी थोडं वाजवत जाजो.’ मी हो म्हणालो. अकॉर्डियनवाला माणूस मी, पण दुसरं काय म्हणणार होतो...

तेरवीनंतर पाहुणे पांगले. संगीता बाजेवर बसून होती. वहिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. मी ड्रम काढला, चाव्या आवळल्या, तिच्यासमोर ठेवला. तिने तळवा लावला, डोळे मिटले. मला जमेल तसा मी वसंताचा साधा ठेका धरला. थोडाच वेळ. तिने डोळे उघडले, मान हलवली आणि बोलली, ‘बाबा... नाई.’ मी जरा हळू वाजवून पाहिलं. तिने माझं मनगट धरलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं ती पुन्हा म्हणाली, ‘बाबा नाई.’ तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

तिने माझ्या हातातल्या काड्या घेतल्या. माझा पंजा उचलून लाकडावर ठेवला, वरून दाबला. मग स्वतःचा गुडघा दुसऱ्या बाजूने ड्रमला टेकवला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिले काही ठोके इकडेतिकडे गेले. नंतर माझ्या पंजाखाली ते लाकूड घुमू लागलं, आधी जाड ‘ठप्’, मग ती सळसळ, आणि दर चौथ्या ठोक्याला किंचित मागे रेंगाळणं. ते रेंगाळणं फक्त वसंताचं होतं. त्यावरून आम्ही त्याला आयुष्यभर चिडवलं होतं. ते तिने कधी ऐकलेलं नाही.

आतली भांडी वाजायची थांबली. शोभावहिनी ओल्या हातांनी दारात आल्या. संगीताची त्यांच्याकडे पाठ होती, आई आल्याचं तिला कळलं नाही. वहिनींनी मला पाहिलंच नाही. चौकट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि पोरगी वाजवत राहिली.