चौथा डबा

बसमध्ये जागा धरण्याच्या नादात खुशालने सिनेमाचा शेवट गमावला.

भीमपूरचे सुधाकरराव मास्तर ख्रिस्ती. दर नाताळला ते मिशनकडून सिनेमाचं मशीन आणि एखादा इंग्रजी सिनेमा मागवायचे, शाळेच्या भिंतीवर चादर ताणायचे आणि भोंग्यातून मराठीत गोष्ट सांगायचे. त्या वर्षी आदिलाबादहून सिनेमाच्या रिळांचे चार डबे आणायचं काम खुशालकडे आलं. सरकारी मंडल कचेरीत नुकताच कारकून लागलेला, म्हणून भरवशाचा माणूस! बस लागताच लोकांनी खिडक्यांतून रुमाल-टोप्या टाकल्या. खुशालचा रुमाल मळका होता. नव्या नोकरदाराला लाज वाटली. त्याने चौथा डबाच आत टाकला. चढला तर मागे याहून बरी जागा मिळाली. तीन डबे मांडीवर घेऊन त्याने डुलकी काढली आणि भीमपूर येताच तेवढेच तीन घेऊन उतरला. बस पुढे गेली.

सिनेमा होता बर्फात वाट चुकलेल्या टपालवाल्याचा. एका म्हातारीला तिच्या लेकाचं पत्र पोचवायला निघालेला.

"अबे, कोणाच्या गाडीतला कापूस सांडला?" गर्दीतून गावचा दौलत ओरडला, आणि अख्खं पटांगण हसलं.

तिसरा डबा संपला तेव्हा म्हातारीने दार उघडलं होतं, पत्र हातात आलं होतं. मग नुसती पांढरी चादर. सुधाकररावांनी भोंगा खुशालच्या हातात कोंबला.

"शेवट तू हरवला, आता तूच सांग."

खुशालने भोंगा तोंडाला लावला आणि सुरू केलं. टपालवाल्याच्या मागे बर्फ झटकत कोण उभं? तिचा लेक! माय म्हणते, पहिले पाय धू. मग तिघंही पिठलं-भाकरीवर बसतात.

टाळ्या पडल्या. फक्त पुढच्या पोत्यावर बसलेल्या रेणुकाबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांचा लेक महिपत निजामाबादकडे साखर कारखान्यात होता; सुट्टी मिळाली तर यायचा.

"हे तुह्या पोटातलं हाय," त्या म्हणाल्या. "पडद्यावरचं दाखव. खरंच येते का तिचा लेक?"

"दाखवतो काकी. डबा सापडू द्या."

बस डेपोत खुशालला एक चप्पल दाखवली, दोन छत्र्या दाखवल्या, कोंबड्याचं रिकामं खुराडंही दाखवलं. डबा नव्हता.

पण गावाला चटक लागली. पुढे गाढवावर बसून बहीण शोधणाऱ्या पोरीचा सिनेमा आला, घंटा चोरून पुन्हा टांगणाऱ्या चोराचा आला. शेवटासकट पुरे आले, तरी लोक उठेनात. "खुशाल, आता तुहा शेवट!" मग त्या पोरीला हुरडा खाऊ घालावा लागे, चोराला वरण-भात. आजही नाताळच्या सिनेमांचा विषय निघाला की खुशालला नट आठवत नाहीत, पंगती आठवतात. आणि पंगत उठली की रेणुकाबाई: "डबा?"

"पाहून राह्यलो, काकी."

वीस वर्षं अशी गेली. मशीन गेलं, टीव्ही आला. एका नाताळला सुधाकररावांच्या लेकीने हैदराबादहून तोच सिनेमा सीडीवर आणला. खुशालने मास्तरांच्या घरी तो भर दुपारी पाहिला. टपालवाला म्हातारीला पत्र वाचून दाखवतो: या साली जमत नाही, पुढच्या साली येतो. म्हातारी दिवा बारीक करते. संपलं.

"मंग?" खुशालने टीव्हीलाच विचारलं.

सीडी शर्टाच्या खिशात घालून तो रेणुकाबाईंच्या अंगणात गेला. आज दाखवायचीच, शेजारी सीडीचं यंत्र होतं. बाई उन्हात तूर निवडत होत्या.

"महिपतचा फोन आलता," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पुढच्या साली येतो म्हणते." दोन खडे वेचून फेकले. "तुह्या डब्याचं काय झालं?"

खुशालचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"नाही सापडला, काकी. डेपोवाले पाहून राह्यले." डबा सापडला नव्हता हे तर खरंच होतं.

"वीस वर्सं? डोळे मिटून पाह्यतेत का रे?" त्या सूप ठेवून उठल्या. "जेवून जा. पिठलं टाकलं हाय. पण उधारी हाय तुह्यावर, ध्यानात ठेव."

"हाय ना, काकी."

भाकरी गरम होती. खिशातली सीडी मोडू नये म्हणून खुशाल जरा ताठ बसला, आणि त्याने पिठलं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.