रिकाम्या दुरडीतला कोंडा

दुपारचे अडीच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत एसीचा गारवा, जेवणात दोन घास जास्तीचे गेलेले, आणि संगणक एकटाच गणितं करत बसलेला. अशा वेळी डोळा लागला नाही तर मी माणूस कसली! खुर्चीतच मान टाकते. पडद्यावर विषाणूंचे गोल आहेत, राखाडी, खसखशीएवढे. सातेरी मधमाशीच्या अळ्या मारणारा हा विषाणू. काही गोल भरलेले, काही रिकामे. त्या रिकाम्यांवर माझा पाच वर्षांचा प्रबंध उभा आहे, आणि तो आज पाचच्या आत पाठवायचा आहे.

"उज्जे, जरा सरक की."

अप्पा. माझे वडील. कोल्हापूरच्या बुरूड गल्लीत पन्नास वर्षं टोपल्या विणल्या त्यांनी. चार वर्षांपूर्वी वारले, पण त्यांना बघून मला आधी बरं वाटतं आणि मग ते आठवतं. नायट्रोजनच्या टाकीशेजारी ते मांडी घालून बसलेत, मांडीवर बांबूच्या कामट्या.

"अप्पा, इथं बाहेरच्यांना परवानगी नाही."

"मला आता कोन हटकतोय?"

तेही खरंच. मी सरकते. पायाखाली फरशी होती, ती आता सारवलेली जमीन आहे, आणि कोपऱ्यात आमच्या गल्लीतला नळ गळतोय.

अप्पा पडद्यातून एक गोल उचलतात. हातात येईपर्यंत तो दुरडीएवढा झालेला असतो. फिरवून फिरवून बघतात.

"कोंबड्यांच्या डालग्याची वीण. सहा कोनांची. पन नुसत्या सहानं गोल मिटत न्हाई. पाचाची घरं किती घातल्यात?"

"बारा."

"बाराच लागत्यात," ते म्हणतात. सातवी शिकलेला माणूस. मला हे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

"आनि आत काय भरत्यात?"

"एक लांब धागा. पुढचा विषाणू कसा घडवायचा, ते सगळं त्या धाग्यावर असतं."

"धागा आधी, का दुरडी आधी?"

हाच तर माझा प्रबंध. मार्गदर्शक सरांपुढे सांगते तसं सांगते. आधी दुरडी विणून होते, धागा मागून आत शिरतो. पुरावा या रिकाम्या दुरड्यांचा. विणून तयार, फक्त भरायच्या राहिलेल्या.

अप्पा दुरडी नाकाशी नेतात. वास घेतात.

"ही भरल्याली हुती."

"नव्हती."

"मला शिकवतीस व्हय? भरून रिती केल्याली दुरडी लपत न्हाई. विणीत कोंडा ऱ्हातोय."

"आत काही नाही, अप्पा. मी बघितलंय."

"बघितलंस, का झाडलंस?"

आम्ही घराच्या पडवीत आहोत, अप्पांच्या तेराव्यानंतरची सकाळ. हातात झाडू. ढलप्या, भुसा, अप्पांची अर्धी विणलेली परडी, सगळं मी गोळा करून बाहेर टाकतेय, कारण दुपारी पाहुणे येणार आहेत. त्यांचा कोयता शेजारच्या बबनला देऊन टाकते. वहिनी म्हणते, "बघा वन्सं, किती लख्ख झालं! हितं कधी कुणी बसतच नव्हतं जणू." अप्पा उंबऱ्यात उभे राहून ऐकतायत.

"चुकलं माझं, अप्पा." मला रडू येतं. चार वर्षांत मी हे कुणापाशी बोलले नव्हते.

"आगं, घर झाडायचंच असतंय. पन झाडून झाल्यावर, कधी भरलंच नव्हतं, असं म्हनू नये." ते माझा हात ओढून घेतात. "हं, धर कामटी. शेवटचं पाचाचं घर तू घाल."

कामटीला धार आहे. मी दाबते.

डोळे उघडतात. तीन वाजायला दहा कमी. संगणक तसाच घुमतोय. मी सरळ त्याला दिलेल्या आज्ञांची जुनी यादी उघडते, आणि ती तिथंच असते, वरून तिसरी ओळ: रिकाम्या कणांचा आतला भाग पुसून टाक. तीन वर्षांपूर्वी मीच घातलेली. आत काही नसतं हे मला ठाऊकच होतं, मग चित्रात नुसता गोंगाट कशाला ठेवायचा? त्यानंतर ती ओळ मी विसरूनही गेले होते.

ओळ काढते, गणित पुन्हा लावते आणि सरांना फोन करते.

"सर, प्रबंध आज पाठवत नाही."

"का? काय झालं?"

"रिकाम्या कणांची आतली बाजू मी पुसून मग बघत होते. न पुसता बघायचीय."

"सगळं उलटं निघालं तर?"

"तर उलटं लिहीन."

पावणेपाचला पहिलं चित्र उमटतं. अंधूकच आहे, पण भिंतीला आतून राखाडी काहीतरी चिकटलेलं आहे, धाग्याचे तुटके तुकडे राहावेत तसं. दुरड्या भरायच्या राहिल्या नव्हत्या, भरून रित्या झाल्या होत्या. पाच वर्षांचं म्हणणं पडलं. मी पुन्हा पुन्हा बघते.

चित्र मोठं करायला माउस दाबते आणि अंगठ्यात टोचतं. बारीक कूस घुसलेली आहे. पिवळसर, बांबूची. या खोलीत सगळं स्टील, काच आणि प्लॅस्टिक, आणि पडवी झाडली त्या सकाळपासून मी बांबूला हात लावलेला नाही.

टेबलावर चिमटा आहे, केसाएवढ्या टोकाचा. तो उचलते आणि परत ठेवून देते. आज काही झाडायचं नाही.