मू-शेंगची गाळणी

आईने जेवणाच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि मू-शेंगच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

"खत कसलं घातलंस?" तिने विचारलं.

"काहीच नाही! फवारणी नाही, औषध नाही, माती पण नाही," मू-शेंग छाती फुगवून म्हणाला. "मागच्या टाकीत मासे आहेत ना, त्यांचंच पाणी मुळांखालून फिरतं. मासे घाण करतात, त्यावर भाजी वाढते."

"म्हणजे ही नाळीची भाजी माशांच्या घाणीवर वाढली."

"हो!"

"आणि मी चौदा वर्षं काय खात नाही?"

आता बोला! चिलापी माशांची पिल्लं किती घ्यायची, पंप केवढा हवा, नळी किती जाड, सगळं पठ्ठ्याने वहीत मांडलं होतं. आपली आई कांदा-लसूणसुद्धा न खाणारी कडक शाकाहारी आहे, एवढी एकच गोष्ट डोक्यातून निसटली. त्याची बायको श्यू-चिन तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून बराच वेळ खुसखुस ऐकू येत राहिली.

हा माणूस एकतीस वर्षं पिंगतुंग शहरातून बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत बस चालवत होता. निवृत्त झाला तरी खुर्चीत बसल्याबसल्या त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. चौदा वर्षांपूर्वीच्या एका वादळात डोंगर खाली आला आणि याची बस दोन दरडींच्या मध्ये अडकली. दोन दिवस काही पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी स्वारी चिखलाने माखून आईच्या घरी आली आणि आधी आंघोळीला गरम पाणी मागितलं. त्याच सुमारास आईने मांस-मासळी सोडली. देवळातल्या बायकांच्या नादी लागली असेल, असं मू-शेंगने धरून चाललं. विचारलं कधीच नाही. त्या घरात असलं कुणी कुणाला विचारत नसे.

या वसंतात आई डोंगरातल्या गावी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिचा भाजीचा तुकडा चुलतभावाकडे गेला आणि तिला खाली चाओचौला मुलाकडे यावं लागलं. बाजारची भाजी समोर आली की ती वास घ्यायची आणि म्हणायची, "औषध मारतं नाकात." मग तांदळाची पेज आणि खारवलेला मुळा. दोन्ही वेळा तेच. पँट कमरेला दोरीने बांधायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, हिरवं काहीतरी पोटात जाऊ द्या. म्हातारी दिवसेंदिवस खंगत चालली. तो मासे-भाजीचा सगळा उपद्व्याप तिच्यासाठी होता, आणि तिने काड्या खाली ठेवल्या.

"आई, पाणी गाळलं तर?" त्याने घाबरत घाबरत विचारलं.

आईने विचार केला. "शेणखतात कुणाचं काय असतं, ते मी शेतात कधी विचारलं नाही. पण ही घाण पाण्यात तरंगताना दिसते. दिसतं ते मी खाणार नाही. आधी गाळ, मग बघू."

एवढा धागा मू-शेंगला पुरला. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचं निळं पिंप आलं, भांडी घासायच्या ऐंशी घासण्या आल्या, आणि श्यू-चिनच्या उशीचा अभ्रा तिला न विचारता कामी आला. टाकीत पंप टाकायचा, पाणी पिंपात ढकलायचं, अभ्र्यातून आणि घासण्यांतून खाली उतरवायचं. कागदावर सगळं चोख होतं.

पाणी मात्र होतं तसंच राहिलं.

"चहा छान झालाय," श्यू-चिन पिंपात डोकावून म्हणाली. "साखर घालू का?"

"घासण्या कमी पडल्या."

"अख्ख्या गल्लीची भांडी घासून होतील एवढ्या घासण्या आहेत त्यात! आणि माझा अभ्रा?"

मू-शेंगने आणखी साठ घासण्या ठासून भरल्या. तीन दिवसांनी पिंप तुंबलं, पाणी काठावरून वाहिलं आणि कुंपणाखालून शेजारच्या फांगच्या ऑर्किडांत घुसलं. टाकीत वीतभर पाणी उरलं, त्यात मासे आडवे पडून तडफडत होते. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, तेव्हा सगळी गल्ली पिशव्या घेऊन उभी होती आणि फांगला आयते श्रोते मिळाले. "बस बरी होती रे बाबा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "निदान ती रस्त्यावरून तरी जायची!"

मू-शेंग कान पाडून घरी आला. मागच्या अंगणात बघतो तर आई. चार पायांची काठी टेकत टेकत, पहिल्यांदाच, ती टाकीपर्यंत आली होती आणि पिंपाकडे डोळे बारीक करून बघत होती.

"पाणी कुठून कुठे जातं, सांग."

त्याने सांगितलं. पंपाचं नाव निघताच तिने कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या! तो पंप सगळी घाण दळतो, पीठ करतो तिचं. आधी घुसळायचं आणि मग निवळायची वाट बघत बसायचं? रताळ्याचं सत्त्व काढताना बघितलंयस ना मला लहानपणी?"

बघितलं होतं. रताळी किसायची, पाण्यात चोळून गाळायची आणि टोप सावलीत ठेवायचा. टोपाला बोट लावलं तर फटका बसायचा. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला पांढरा घट्ट थर असायचा.

"घाण अख्खी असते तोवरच तळाला बसते," आई म्हणाली. "तिला धक्का न लावता आण. पंप शेवटी ठेव."

मग सगळं उचकटलं. मू-शेंगने जमीन खणून पिंप हातभर खाली बसवलं. टाकीच्या तळातून जाड नळी काढली, म्हणजे पाणी आपल्या पायांनी पिंपात उतरेल. नळीचं तोंड पिंपाच्या कडेला वळवलं, म्हणजे पाणी गोल गोल फिरेल आणि गाळ मध्यभागी जमून खाली बसेल. तो काढायला तळाशी तोटी. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या पिंपात, तिथे थोड्या घासण्या, आणि पंप पार शेवटी, भाजीच्या अलीकडे. आई खुर्ची टाकून मुकादमासारखी बसायची.

"हळू सोड, हळू! बस नाहीये ती, वेळेवर पोचवायला."

"आई, मी वेळेवर कधी पोचलो होतो?"

"तेही खरंच."

पाचव्या दिवशी सकाळी त्याने तोटी उघडली तर बादलीभर काळा चिखल बदाबदा बाहेर आला. श्यू-चिन नाक दाबून आत पळाली. आईला मात्र हर्ष झाला. "पपईला घाल तो!" तिने हुकूम सोडला.

"आता नाही का माशांची घाण?"

"मातीत गेलं की माती झाली. आईला शिकवू नकोस."

नवं वर्ष आठवड्यावर आलं होतं. पाणी इतकं नितळ झालं की टाकीच्या तळाला पडलेलं नाणंसुद्धा ओळखू आलं. नाळीची भाजी हातभर वाढली होती. मू-शेंगने एक जुडी खुडली, आल्याच्या तुकड्यावर परतली आणि वाडगा घेऊन अंगणात आला. आई टाकीच्या काठाला धरून उभी होती.

"सत्तावीस आहेत," ती म्हणाली.

"हो, सत्तावीस."

"त्या एकाची शेपूट वाकडी आहे. तो सगळ्यांत शेवटी खायला येतो. आधी दिसायचा नाही." मग तिने मान वळवली. "यांचं पुढे काय?"

मू-शेंगची नजर स्वयंपाकघराकडे गेली. यांचं पुढे काय, ते श्यू-चिनने कधीच ठरवलं होतं. नव्या वर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात अख्खा मासा नाही तर वर्षभर बरकत कशी राहायची? सगळ्यांत मोठा तिने हेरूनही ठेवला होता.

"यांनी कमवायचं, मी खायचं आणि वर यांनाच ताटात घालायचं?" आई म्हणाली. "तुम्ही बाजारातून आणून खा, मी कधी अडवलं नाही. पण हे ताटात येणार असतील तर त्यांची भाजी मला नको."

"आई, अगं मासे आहेत ते! चौदा वर्षं झाली, एवढं कसलं कडक व्रत?"

तिने नजर टाकीतल्या पाण्याकडे वळवली.

"दोन दिवस तुझा पत्ता नव्हता. मी कुआनयिन देवीच्या पायाशी बसून होते. म्हटलं, माझं पोर परत दे, मी कुणाचं पोर खाणार नाही." नाक ओढून तिने बाहीने डोळे पुसले. "तिने दिलं. मग?"

मू-शेंगला तो दिवस आठवला. आपण चिखलाने माखलेले आलो होतो, गरम पाणी मागितलं होतं, आणि आईने ते काढून दिलं होतं. आपली चौकशी न करता पेज पीत बसलेल्या आईचा त्याला त्या दिवशी राग आला होता. राग! भर अंगणात, हातात वाडगा धरून, साठीचा तो बाप्या हमसून हमसून रडला.

दारात उभ्या श्यू-चिनने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, धार लावायला काढून ठेवलेला मासळीचा सुरा परत फळीवर टाकला आणि बाहेर येऊन तणतणली, "मग नव्या वर्षाला मी ताटात काय ठेवू? ती वाकडी शेपूट?"

"सोयाबीनच्या दुधाच्या सायीचा मासा करू," आई म्हणाली. "मी शिकवते. त्यावर खवले पण कोरून दाखवते." मग मुलाकडे वळली. "रडतोस काय? दे इकडे. गार होतेय."

तिने काड्या घेतल्या. एक घास, दुसरा घास. वाडगा रिकामा झाला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "अजून आण."